"शून्यावर आणा, मग शंभर करा" हा मेसेज पुढे पाठवू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की इलेक्ट्रिक बाइकची बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत चालवा, मग रात्रभर लावून शंभर टक्के करा, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) आहे त्यामुळे काही होत नाही. कृपा करून असं करू नका, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर अजिबातच नको.

पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला, त्यांना मेमरी इफेक्ट असायचा, म्हणजे अर्धवट उतरवून परत परत चार्ज केलं की कपॅसिटी कमी झाल्यासारखी व्हायची. लिथियमला तो त्रास नाही, उलट दरवेळी जितकी खोल उतरवाल तितकं तिचं आयुष्य कमी. 20-30 टक्क्यांवर आली की सरळ लावून टाका.

आता शंभरचं, खरं नुकसान इथे आहे. 48 व्होल्टच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा 13 सेल सिरीजमध्ये असतात, चार्जरचा लाइट हिरवा झाल्यावर मल्टीमीटर लावून बघा, 54.6 च्या आसपास दिसेल, म्हणजे प्रत्येक सेल 4.2 वर. एवढ्या व्होल्टेजवर आणि वरून गरमीत सेलच्या आतलं केमिकल हळूहळू खराब होत राहतं आणि गेलेली कपॅसिटी परत येत नाही. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका, आणि तिथे भरलेली बॅटरी दिवसभर उभी! रोज इथल्या इथे महाराज बाड्यापर्यंत जाऊन यायचं तर 80-90 टक्के भरपूर झाले, या पॅकला 53 व्होल्टच्या आसपास थांबवा. डबऱ्यासारख्या लांबच्या गावाला जाऊन यायचं असेल तेव्हा खुशाल शंभर करा, फक्त चार्जिंग निघायच्या जरा आधी संपेल असं बघा. उन्हातून आल्या आल्या लावू नका, आधी गार होऊ द्या.

बीएमएस आहे हे खरं, पण तो हद्द ओलांडल्यावर करंट कापतो, रोजची झीज थांबवणं त्याचं कामच नाही. आणि उतरलेली गाडी तशीच ठेवून तुम्ही सुट्टीत पुण्याला गेलात तर तो स्वतःच थोडा थोडा करंट खात राहतो, सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, मग चार्ज करताना शॉर्ट व्हायची भीती. म्हणून जाताना निम्मी भरून ठेवा.

"कधीच शंभर करू नका" म्हणणारेही आहेत, तेही चूक. बरेच बीएमएस सेल बॅलन्स करतात, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणतात, ते अगदी वरच्या टोकाला, म्हणून अधूनमधून पूर्ण भरावीच लागते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला तर जास्तच, कारण तिचं व्होल्टेज मधे जवळपास सपाट राहतं आणि मीटरवरचे टक्के चुकायला लागतात. आणि हो, शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नका, 16 सेलच्या एलएफपीचा चार्जर 58.4 व्होल्टपर्यंत जातो, तो 54.6 वाल्या पॅकला लावणं म्हणजे सगळा भार एकट्या बीएमएसवर टाकणं.