कावळ्याला दुसरीत बसवू नका

नागपंचमीच्या तोंडावर आमच्या सांगली जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. कावळा सात वर्षांच्या पोराइतका हुशार, नाग मारणाऱ्याचा चेहरा ध्यानात ठेवून डूख धरतो, चिंपांझीची स्मरणशक्ती माणसाहून सरस, हत्तीच्या मेंदूत आपल्या तिप्पट पेशी. तेव्हा माणसानं अकलेचा तोरा मिरवू नये. तोऱ्याचं पटतं. बाकीचं एकेक बघू.

कावळ्यामागे खरा प्रयोग आहे, ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांचा, २०१४ सालचा. पण ते कावळे न्यू कॅलेडोनिया बेटावरचे, रानात काटकीची आकडी करून अळ्या ओढणारे. पिंडाला शिवायला घाटावर सगळ्या भावकीला ताटकळत ठेवतो, तो वेगळा. गोष्टीतल्या तहानलेल्या कावळ्यागत त्यांनी नळीत खडे टाकून पाणी वर आणलं आणि तरंगता खाऊ मिळवला. वाळूची नळी सोडून पाण्याची धरली, तरंगणाऱ्या वस्तू टाळून बुडणाऱ्या उचलल्या. सहापैकी चार कोडी सुटली. रुंद-अरुंद नळीचं आणि खालून जोडलेल्या नळ्यांचं, ही दोन अडली. पाच ते सात वर्षांच्या मुलांशी तुलना झाली ती एवढ्यापुरतीच. त्या वयाचं पोर दप्तर हरवल्यावर खोटं कारण रचतं, आजीची नक्कल करतं, उद्या सुट्टी का म्हणून भंडावतं. यातलं काहीच त्या प्रयोगात तपासलेलं नव्हतं.

नागाचं म्हणाल तर बत्तीस शिराळ्याच्या मुलखात हे बोलणं जिवावरचंच. पण नाग चेहरा आठवून सूड घेतो याला पुरावा नाही. मारल्या जागी पुन्हा नाग निघाला तर आधी तिथले उंदीर बघावेत. डूख धरणारं कुणी हवंच असेल तर अमेरिकेतल्या सिएटलचे कावळे घ्या. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी मुखवटा घालून काही कावळे पकडले, सोडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करत, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील होत!

चिंपांझीचा प्रयोग क्योटो विद्यापीठाचा, २००७ सालचा. आयुमु नावाच्या चिंपांझीला पडद्यावर पाच आकडे सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरते दिसत, मग झाकले जात. चढत्या क्रमानं जागांवर बोट लावायचं. त्याचं सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आलं, विद्यार्थ्यांचं ४० टक्क्यांच्या आसपास. मेसेज इथंच थांबतो. आयुमुचा सराव दांडगा होता, विद्यार्थी नवखे. पुढे दुसऱ्या संशोधकांनी माणसांकडून तसा सराव करून घेतला, तेव्हा तीही त्याच्या बरोबरीला आली. तरी क्षणात दिसलेलं टिपण्यात एक चिंपांझी माणसाच्या तोडीस तोड उतरतो, हे काही थोडंथोडकं नाही. ‘स्मरणशक्ती सरस’ म्हणायला मात्र ते पुरत नाही.

राहिला हत्ती. आकडा खरा आहे: आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी, माणसाच्या ८६ अब्ज. पण हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के पेशी मागच्या लहान मेंदूत आहेत. विचारांशी ज्याचा जास्त संबंध, त्या मेंदूच्या बाहेरच्या थरात त्याच्या ५.६ अब्ज, आपल्या १६ अब्ज. म्हणजे तिप्पट आहोत ते आपण. लहान मेंदूतली ती गर्दी सोंडेच्या बारीक हालचाली सांभाळण्यासाठी असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. तशी सोंड चालवायला आपले ८६ अब्ज पुरले असते का, असं मेसेजनं विचारलं असतं तर प्रश्न तरी नेमका झाला असता.