खिशातला प्रोजेक्टर आणि वाचनालयातला उजेड

"खिशात मावणारा एखादा प्रोजेक्टर घेऊन टाकू या, वाचनालयात कुठेही लावता येईल." हे वाक्य वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी त्याच्या विरोधात नाही. आमच्याकडे एक आहे आणि आठवड्यातून दोनतीनदा वापरातही असतो. फक्त ज्या कामासाठी घेतला, त्या कामाला तो एकदाही आला नाही.

घेतला होता व्याख्यानांसाठी. पहिल्या कार्यक्रमाला चाळीसेक माणसं जमली होती. मी ऐटीत ती कंपासपेटीएवढी वस्तू टेबलावर ठेवली आणि सुरू केली. भिंतीवर काहीतरी हलत होतं, एवढं नक्की. पहिल्या रांगेतल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "सुरू झालं का?" पडदे ओढले, चार दिवे घालवले, तर पलीकडच्या वाचन कक्षातले दोघं पुस्तकात बोट घालून तसेच उठून आले, आमचे दिवे कुणी घालवले म्हणून. शेवटी वक्त्यांनी स्लाइड बाजूला ठेवल्या आणि नुसतंच बोलायला घेतलं. (व्याख्यान उलट जास्त रंगलं, पण तो वेगळा विषय.)

दोष यंत्राचा नव्हता, मी हिशेब केला नव्हता. या आकाराच्या प्रोजेक्टरचा खरा प्रकाश साधारण १०० ल्यूमेनच्या आसपास धरा (ल्यूमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश). काही थोडे जास्त देतात, बरेचसे कमीच. कर्णात १०० इंचांचं चित्र म्हणजे जवळजवळ पावणेतीन चौरस मीटर भिंत. तेवढ्या भिंतीवर १०० ल्यूमेन पसरले की वाट्याला येतात ३६ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३६ ल्यूमेन. वाचायच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असावा अशी अपेक्षा असते. भिंतीवर त्यातला दीडशेच पडतो म्हटलं, तरी चित्रातलं पांढरं १८६ आणि काळं १५०. आणि इथेच सगळी गोम आहे: प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. त्याचं काळं म्हणजे त्याने प्रकाश न टाकलेली भिंत. ती जेवढी उजळ, तेवढंच त्याचं काळं उजळ. घरी रात्री दिवा घालवला की हाच प्रोजेक्टर झकास दिसतो, पण वाचनालयात दिवा घालवायचा म्हणजे वाचकांना उठवायचं.

आता तेच चित्र ४० इंचांवर आणा. क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरच्याही आत येतं, त्याच १०० ल्यूमेनचे सव्वादोनशे लक्स होतात. पांढरं ३७५, काळं १५०. सिनेमासारखं नाही, पण नकाशा, छायाचित्र, मोठ्या अक्षरातला मजकूर दिवे चालू ठेवून दिसतो. यंत्र पडद्यापासून मीटरभर अंतरावर ठेवलं की पुरतं.

हे कळल्यावर आम्ही हॉलचा नाद सोडला आणि तो टेबलावर आणला. पांढरा जाड पुठ्ठा, मागे आधाराला बांधीव मासिकांचा गठ्ठा, समोर पाच-सहा खुर्च्या. नवीन सभासदांना ऑनलाइन सूचीत पुस्तक कसं शोधायचं ते दाखवायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. सहा डोकी एका मॉनिटरवर वाकत नाहीत, आणि टेबल रिकामं करायचं झालं तर सगळा पसारा दोन मिनिटांत ड्रॉवरमध्ये जातो. बालविभागात आम्ही चित्र छतावर टाकतो. मुलं सतरंजीवर उताणी, गोष्ट सांगणारी ताई मध्ये. छताच्या त्या कोपऱ्यात उजेड मुळात कमी आणि तेवढा एकच दिवा घालवला तर कुणाची तक्रार येत नाही. मुलांना भिंगात डोकावू द्यायचं नाही, एवढं पथ्य मात्र कडक.

मजकुराबद्दल एक इशारा. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "१०८० पी चालतं". चालतं म्हणजे तसा, १९२० बाय १०८० पिक्सेलचा, सिग्नल घेतो. आतली चित्र उमटवणारी चिप मात्र बऱ्याच वेळा ८५४ बाय ४८० पिक्सेलची असते. जुन्या नियतकालिकाचं स्कॅन केलेलं अख्खं पान दाखवायला जा. पानात ५० ओळी, उभे पिक्सेल ४८०, म्हणजे एका ओळीला दहासुद्धा नाहीत. रोमन अक्षर एक वेळ तग धरेल. आपल्याला त्याच दहात वर मात्रा-वेलांट्या, मध्ये अक्षर आणि खाली उकार बसवायचे असतात. 'की' आणि 'को' सारखेच दिसायला लागतात. पान चौथाई करून दाखवा, मग वाचता येतं. यंत्र तिरकं ठेवून चित्र सॉफ्टवेअरने सरळ करायची सोय असते, तीही याच पिक्सेलमधून कापून घेते. त्यापेक्षा खाली दोन पुस्तकं सरकवून यंत्रच सरळ बसवा.

ल्यूमेनचा आकडाही असाच फसवा. हजारांत लिहिलेलं दिसलं तर ते 'अ‍ॅन्सी' (ANSI, अमेरिकी मानक संस्था) ल्यूमेन आहेत का बघा. त्या पद्धतीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकावरचा प्रकाश मोजतात आणि सरासरी काढतात. नुसतं 'ल्यूमेन' लिहिलं असेल तर तो आकडा कुठे आणि कसा मोजला हे ज्याचं त्याला ठाऊक.

बॅटरी दीड-दोन तास जाते, पण वायर काढली की बरेच प्रोजेक्टर आपोआप मंद होतात. म्हणजे वरच्या हिशेबातूनही कपात. पंख्याची घरघर हॉलमध्ये जाणवत नाही, वाचन कक्षात मात्र शेजारचा माणूस मान वर करून बघतोच. आवाजासाठी वेगळा स्पीकर लागतोच.

माझ्या मते वाचनालयाला याचा खरा उपयोग पुस्तकासारखा घरी द्यायला आहे. ज्या अंधाराची त्याला गरज आहे तो सभासदाच्या घरी असतो, आमच्याकडे नाही. एलईडी दिवा वीसेक हजार तास टिकतो, त्याआधी बॅटरीच थकते. डोकेदुखी वेगळीच. परत येताना केबल हरवलेली, भिंगावर अंगठा उमटलेला आणि मागच्या सभासदाचं खातं तसंच उघडं. आम्ही पिशवीला आतल्या वस्तूंची यादी शिवलीय. देवघेव काउंटरवर यादीतल्या वस्तूंवर टिक करून घेतो आणि लगेच फॅक्टरी रीसेट मारतो. तरी एक जण आलेच, "चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो." फोनवरचं चित्रपटाचं अ‍ॅप मिरर करत होते, म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर पाठवत होते. बरीच अ‍ॅप नक्कल रोखण्यासाठी तसं चित्र बाहेर जाऊच देत नाहीत. आता तेही आधीच सांगतो. आणि घरी पाहणं वेगळं, वाचनालयात जमाव बसवून चित्रपट दाखवणं वेगळं, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते, हेही.

पुढच्या बैठकीत समितीसमोर पुन्हा विषय आहे: हॉलसाठी असाच आणखी एक घ्यावा का. मी आमचाच पिशवीतून घेऊन जाणार आहे. १०० इंचांचं चित्र लावणार, आणि खोलीतला एकही दिवा घालवू देणार नाही.