आधी तारखा जुळवा, मग सामंतांना शिव्या द्या

दरवर्षी 18 जानेवारी, म्हणजे 1982 च्या गिरणी संपाची तारीख, जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुतण्याने टाकला आणि खाली वीसेक जणांनी हात जोडले. मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं सार असं: मुंबईच्या गिरणगावात सुखाचा संसार होता, जातपात कुणी पाळत नव्हतं. शेटजींनी चाळी बांधल्या, रविवारची सुट्टी दिली. मग बाहेरच्या पुढाऱ्यांनी राजकारण घुसवलं. शेवटी एका डॉक्टरने, म्हणजे दत्ता सामंतांनी, आपल्या हट्टापायी संप केला, अडीच लाख मराठी घरं रस्त्यावर आणली आणि गिरण्या कायमच्या बंद पाडल्या. झालं ते बरंच झालं म्हणा, आज तिथे टॉवर आहेत, लाखो नोकऱ्या आहेत.

माझे वडील एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामात होते. अकरा वर्षं बदली कामगार, मग कायम, मग संप. त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाही. पण पुतण्याला उत्तर द्यायला बसलो आणि ध्यानात आलं की इथे भावनेची गरजच नाही, नुसत्या तारखा मांडल्या तरी पुरे.

सुट्टीपासून सुरू करतो, कारण हा मुद्दा लवकर निकालात निघतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला काढली. पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं ‘दिलेली’ सुट्टी कुणी पाहिली नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा जास्त तास. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी 1884 साली परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झाल्यास भरपाई. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन गिरणीकामगार बायकाही बोलल्या. त्यानंतर 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी पदरात पडली. पुतण्या रविवारी दुपारी बारा वाजता उठतो, त्याचं श्रेय शेटजींना द्यायचं तर देऊ दे.

चाळींचंही तेच. काही गिरण्यांनी थोड्याफार खोल्या बांधल्या, नाही असं नाही. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या ज्या बीडीडी चाळी आपण गिरणगावाची खूण म्हणून दाखवतो त्या 1920 च्या दशकात सरकारी खात्याने बांधल्या. त्याआधीच्या बीआयटी चाळी ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, तो ट्रस्ट 1896 च्या प्लेगने शहर हादरल्यावर, 1898 मध्ये निघाला. एकशे साठ चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला. गावकीच्या खोलीत तीन पाळ्यांची माणसं राहायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा. सुखाचा संसार म्हणता, पण तिथे संसार फार थोड्यांचे होते. बहुतेकांच्या बायका कोकणात आणि घाटावर शेती सांभाळत होत्या, म्हणून तर इतका कमी पगार पुरत होता. गावाकडची शेती एका अर्थी गिरणीच्या पगारात भर घालत होती.

आता जातपात. हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तो आमच्याच खात्यातला आहे. मागाच्या धोट्यातली, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलमधली, सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची. याच कारणावरून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना विणकामात घेतलं जात नसे, आणि जास्त पगार विणकामातच होता. त्यांना कमी पगाराची खाती. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न ठेवला, की तुमच्या मागण्यांत साळखात्याचं दार उघडण्याची मागणी आहे का? यंत्र आलं की जात आपोआप जाते असं मानणाऱ्यांनी हा धोटा डोळ्यांपुढे आणावा. वाफेचं इंजिन लँकेशायरचं होतं, पण त्यावर कुणी उभं राहायचं हे गावाकडची पंगत ठरवत होती.

तरीही गिरणीने काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही. 7 नोव्हेंबर 1938 ला संपावर बंदी आणू पाहणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांग्यांचे कम्युनिस्ट एकत्र उतरले. गावात हे घडलं असतं का? शंकाच आहे. गिरणीने जात मोडली नाही, पण जातीबद्दल भांडायला एक नवी जागा दिली.

याच ओघात एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही आणि त्याच्या विरोधकांच्या उत्तरांतही सहसा नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती, विशेषतः वाइंडिंग आणि रीळ खात्यांत. 1982 च्या संपाच्या काळापर्यंत ती संख्या नगण्य झाली होती. बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आली, 1929 चा प्रसूतीविषयक कायदा आला, यंत्रं बदलली. या प्रत्येक वेळी मालकांनी बाईला कमी करणं सोयीचं मानलं आणि युनियननेही पुरुषाच्या ‘घर चालवणाऱ्या’ पगाराची बाजू धरली. बाई मग गिरणीच्या बाहेर राहून गिरणी चालवू लागली. माझी आई सहा खाडेकरूंची खानावळ चालवायची. ‘खाडेकरू’ हा आमच्या मजल्यावरचा शब्द, डब्याला खाडा करणारे म्हणून. पहाटे चारला शेगडी, सहाला पहिल्या पाळीचे डबे, आणि हिशेब पगाराच्या दिवशी. तिची हजेरी कुठल्याच मस्टरवर नव्हती.

‘राजकारण बाहेरून घुसलं’ यावर फार वेळ घालवत नाही. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणीकामगार सहा दिवस बाहेर राहिला, गोळ्या झेलल्या. तेव्हा मोठी अशी एकही युनियन नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फ्लोरा फाउंटनला जे पडले त्यांत कामगार होते. 1966 ला शिवसेना निघाली. 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, तोही गिरणगावचाच निकाल होता. लाल बावटा ते भगवा हा प्रवास याच गल्ल्यांत झाला. कामगाराने प्रत्येक वेळी शहाणपणाने निवडलं असं म्हणणं नाही, पण त्याला कुणी हाताला धरून नेलं हे म्हणणं त्याचा अपमान आहे.

आता मुख्य आरोप.

संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार. त्याआधी 1981 च्या दिवाळीत बोनसवरून भडका उडाला होता. मान्यताप्राप्त युनियनने केलेला समझोता लोकांना मान्य नव्हता. कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले आणि त्यांनी नेतृत्व घ्यावं म्हणून ठाण मांडून बसले. सामंतांनी तेव्हा लगेच होकार दिला नव्हता. म्हणजे हट्ट कुणाचा, तर साळखात्याचा आणि सूत कातणाऱ्या रिंगखात्याचा.

मुळात युनियन बदलायची इतकी घाई का? याचं उत्तर 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. त्या कायद्याने उद्योगात एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता, आणि कापड गिरण्यांत ती काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. तुम्ही कुणाच्याही मागे असा, कायद्यापुढे तुमच्या वतीने बोलणार तोच. हा कायदा रद्द करा, ही संपाची मोठी मागणी होती. सोबत पगारवाढ, घरभाडं आणि बदल्यांना कायम करणं. बदली म्हणजे काय हे पुतण्याच्या पिढीला सांगावं लागतं. सकाळी सातच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला तर मुकादम आत घेणार, नाहीतर घरी. महिन्यातून अमुक दिवस काम मिळेलच याची खात्री नाही. वडिलांनी हे अकरा वर्षं केलं. सामंत नसते तरी हे कधीतरी फुटणारच होतं.

आणि गिरण्या खरंच संपाने मेल्या का? अहमदाबाद बघा. तिथे गांधीजींच्या विचारांवर उभी राहिलेली मजूर महाजन ही कामगार संघटना, समझोत्याने चालणारी. सामंत नाहीत, 82 सारखा संप नाही. तरी तिथल्या गिरण्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकामागून एक बंद झाल्या. कानपूरचंही तेच. तिथल्या गिरण्या कुणाच्या हट्टापायी गेल्या? दुखणं जुनं होतं. 1956 नंतर सरकारी धोरणाने गिरण्यांत माग वाढवण्यावर बंधन आणलं आणि यंत्रमागाला मोकळं रान मिळालं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत कापड स्वस्त निघायचं, कारण तिथे ना प्रॉव्हिडंट फंड, ना युनियन, ना आठ तास. संपाच्या आधीच देशातल्या कापडात गिरण्यांचा वाटा निम्म्याखाली आला होता. 1974 मध्येच सरकारला देशभरातल्या आजारी गिरण्या राष्ट्रीयीकरण करून एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे) द्याव्या लागल्या होत्या. संपाच्या आठ वर्षं आधी! अनेक मालकांनी नफा यंत्रांत घालण्याऐवजी दुसऱ्या धंद्यांत वळवला. संप सुरू झाल्यावर भिवंडीच्या मागांवर विणून घेतलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारून ते बाजारात आणलं गेलं. मालाला खंड नाही, मजुरीचा खर्च नाही. मग तडजोडीची घाई कुणाला असणार?

सामंतांच्या चुका होत्या. इंजिनिअरिंग कारखान्यांत जे डावपेच चालले, ते बुडत्या धंद्यात चालणार नाहीत हे त्यांनी ओळखायला हवं होतं. नफ्यातला मालक कारखाना बंद राहिला की घाबरतो. इथे काही मालकांना बंद पथ्यावर पडत होता. परतीचा रस्ता त्यांनी ठेवलाच नाही, संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाही गेला नाही. आईच्या सहा खाडेकरूंपैकी चार जण मेच्या आत गावी गेले, पैसे बाकी ठेवून. त्यातल्या दोघांनी दिवाळीला तांदळाचं अर्धं पोतं पाठवलं, तिने ते हिशेबात धरून वहीत नावं खोडली. हे सगळं मान्य करूनही 1984 साली याच लोकांनी सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. ज्याने घर बुडवलं म्हणता, त्याला त्याच घरांनी मत दिलं. याचा खुलासा मेसेजमध्ये सापडत नाही.

संपानंतर बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. कमी माणसांवर, पण वाजले. 13 गिरण्या 1983 मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. वडीलही दीड वर्षाने आत गेले, पुन्हा नव्याने लागल्यासारखे. मग कायमच्या बंद कधी? इथे दुसरी तारीख बघायची: 1991. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला आणि गिरण्यांची जमीन विकसित करण्याची वाट उघडली. ढोबळ वाटणी अशी, की एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन. तिचा एकत्रित आराखडा करायला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समितीही नेमली गेली. पण 2001 मध्ये नियम बदलला, आणि वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जागेची करायची असं ठरलं. गिरणीच्या आवारात शेडच शेड. मोकळी जागा असणार किती? प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयात विरोध करणाऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान 2005 ला एनटीसीची लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना विकली गेली. एवढी किंमत कापड विणून मिळवायला किती वर्षं लागली असती याचा हिशेब मालकांनी केव्हाच केला होता.

राहिली टॉवरमधल्या नोकऱ्यांची गोष्ट. नोकऱ्या आहेत, खोटं कशाला बोला. पण संगणकापुढच्या नोकऱ्या गिरणगावातल्या किती पोरांना मिळाल्या? घरांसाठी दीड लाखाच्या आसपास कामगार-वारसांनी अर्ज केले आणि 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारही घरं नव्हती. आमचा अर्ज अजून आईच्या ट्रंकेत आहे, वडिलांच्या तिकीट नंबरच्या बिल्ल्याशेजारी.

गेल्या आठवड्यात त्याच गिरणीच्या जागेवरच्या इमारतीत काम होतं. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून घेणारा रखवालदार ओळखीचा निघाला, आमच्या मजल्यावरच्या रिंगखात्यातल्या काकांचा मुलगा. ठेकेदाराकडे आहे, बारा तासांची ड्यूटी. गप्पांच्या ओघात विचारलं, रविवारी तरी सुट्टी असते ना रे?

म्हणाला, “बदली मिळाला तर.”