त्रिकोण काढला म्हणजे खोली काढता येत नव्हती असं नाही हो

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड आला. मातीस या फ्रेंच चित्रकाराच्या 'पियानो लेसन' या चित्राचा फोटो आणि खाली, या मॉडर्न लोकांना साधी हॉलची खोली काढता येत नव्हती म्हणून चौकोन-त्रिकोण टाकले, पट्टी घेऊन कोणीही करेल, आणि यात घर कुठेय? लगेच पाच-सहा अंगठे.

काढता येत नव्हतं म्हणे. हे चित्र १९१६ चं, आणि पुढच्याच वर्षी याच माणसाने पॅरिसजवळच्या इस्सीमधल्या आपल्या घरातली हीच खोली जवळपास याच साइजमध्ये परत काढली. त्यात पोरगा वाचत बसलाय, दोघं पियानोवर, बायको बागेत शिवतेय, सगळं ओळखू येतं. म्हणजे येत होतं की! पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये जुन्या चित्रांच्या कॉप्या करून शिकलेला माणूस तो.

आता पट्टी. जरा झूम करा. पियानोवर मेट्रोनोम आहे, ताल देणारा तो टोकदार डबा, तोच त्रिकोण पियानोला बसलेल्या मुलाच्या एका डोळ्यावर सावली होऊन बसलाय आणि तोच मोठा होऊन खिडकीबाहेर हिरवा झालाय, हे पट्टीने होत नाही काका, कुठे काय ठेवायचं ते आधी दिसावं लागतं. आणि मागे उंच स्टुलावर बसलेली ती बाई, टीचर वाटते ना? ते मातीसचंच १९१४ चं चित्र आहे, भिंतीवर टांगलेलं! पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं, इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेसारखं चोख दिलं असतं तर फ्रेम लगेच कळली असती आणि मजाच गेली असती. (सोफ्यावर लावायला जे रेडीमेड जॉमेट्रिक प्रिंट मिळतात ते मात्र खरंच पट्टीवाले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

राहिलं घर. आमची मुलगी संध्याकाळी पाचला कीबोर्डला बसते, मोबाइलवर मेट्रोनोमची टकटक चालू, तेव्हा समोरच्या टॉवरच्या फटीतून उन्हाचा एक तिरका तुकडा टाइल्सवर पडतो आणि खालून पोरांचा खेळायचा आवाज येतो. तिला त्यावेळी सोफा, टीव्ही, शोकेस काही दिसत नसतं, फक्त तो तुकडा दिसतो, आणि तो सरकत सरकत कपाटापर्यंत गेला की "झालं ना आता?" म्हणून ती उठते.