बशीतली सूज, कवटीतली सूज

‘मेंदूतली सूज हेच विस्मरणाचं मूळ. हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेसव्हेराट्रॉल आणि गिंकोच्या पानांचा अर्क ही सूज उतरवून मेंदूच्या पेशी वाचवतात. प्रयोगशाळेत सिद्ध! नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य. औषध कंपन्या हे दडपतात.’ या अर्थाचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. तो निव्वळ थापा असता तर सोडून दिला असता. त्यात अर्धं खरं आहे, पंचाईत तिथेच आहे.

‘सूज हेच मूळ.’ मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी पहारेकरीही आहेत आणि झाडूवालेही. त्या चवताळल्या की शेजारच्या चेतापेशींना इजा होते, हे खरं. पण त्या ढिल्या पडल्या तरी बिघडतंच. याच पेशींचं काम मंदावणारा ट्रेम-२ जनुकातला एक बदल अल्झायमरचा धोका वाढवतो, हे २०१३ साली पुढे आलं. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही सूज उतरवणारी खणखणीत औषधं वयस्करांना देऊन पाहिली, तरी अल्झायमर टळला नाही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध.’ काय सिद्ध झालं ते जरा जवळून पाहू. उंदराच्या मायक्रोग्लिया बशीत वाढवतात. त्यांच्यावर जिवाणूच्या आवरणातला एक घटक टाकून त्यांना डिवचतात. मग द्रवात एक रसायन घालतात. पेशी जितक्या भडकलेल्या, तितका गुलाबी रंग गडद. आधी कर्क्युमिन घातलेलं असेल तर रंग फिका येतो. झालं, ‘सूज उतरली’!

या बशीत कर्क्युमिन साधारण १० मायक्रोमोलर असतं, म्हणजे लिटरमागे सुमारे ३.७ मिलिग्रॅम. माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एका दमात देऊन १९९८ साली रक्त तपासलं, तेव्हा जास्तीत जास्त लिटरमागे ०.००६ मिलिग्रॅम सापडलं. बशीच्या सहाशेव्या हिश्श्याएवढं, आणि तेही रक्तात. मेंदूच्या वेशीवरचा अडथळा अजून ओलांडायचाच आहे. शिवाय कर्क्युमिन स्वतःच पिवळंजर्द आणि प्रकाशात चमकणारं, त्यामुळे रंगावर चालणाऱ्या चाचण्यांना ते फसवूही शकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मग मिऱ्यासोबत घ्या.’ त्याच अभ्यासात मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिलं आणि शोषण वीसपट वाढलं. हा आकडा सगळे मिरवतात. त्या वेळची रक्तातली कमाल पातळी मात्र कोणी सांगत नाही: लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅम. म्हणजे बशीपेक्षा अजून वीसपट कमीच.

आता माणसांवरच्या चाचण्या. २०१२ साली अल्झायमरच्या ३६ रुग्णांपैकी काहींना रोज ४ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन २४ आठवडे दिलं. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही वेगळं घडलं नाही. गिंकोची परीक्षा सर्वांत मोठी: पंचाहत्तरी गाठलेले ३,०६९ लोक, सुमारे सहा वर्षं. स्मृतिभ्रंश खोट्या गोळीच्या गटात २४६ जणांना झाला, गिंकोच्या गटात २७७ जणांना. हा फरक योगायोगात मोडतो, पण बचाव झाला नाही हे उघड आहे. रेसव्हेराट्रॉल २०१५ सालच्या चाचणीत मेंदूभोवतीच्या द्रवात किंचित पोचलं, आणि मेंदूचं आकारमान मात्र खोट्या गोळीच्या गटापेक्षा जास्त घटलं. असं का झालं, यावर वाद आहे.

उलट बाजूही सांगतो. २०१८ साली स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांपैकी सुमारे निम्म्यांना सहज शोषलं जाणारं कर्क्युमिन दीड वर्ष दिलं, तेव्हा स्मरणशक्तीच्या चाचणीत फायदा दिसला. एवढ्या छोट्या चाचणीवरून मोठी चाचणी घ्यावी, मोठा दावा करू नये.

‘कंपन्या दडपतात.’ गिंकोची ती चाचणी अमेरिकी सरकारच्या पैशातून झाली आणि निकाल जाहीर छापला गेला. शिवाय अल्झायमरच्या रुग्णांना दिलं जाणारं गॅलँटामाइन हे मूळचं फुलझाडाच्या कंदातलंच. कंपन्यांनी ते दडपलं नाही, विकलं. तेही सूज उतरवत नाही, पेशींमधला निरोप्या रेणू टिकवून धरतं, ही गोष्ट वेगळी.

‘अपाय शून्य.’ हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत, विशेषतः ज्यांत शोषण वाढवायला पायपरिन घातलंय अशांच्या. आणि पायपरिन कर्क्युमिनची वाट मोकळी करतं ते शरीरातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावून. ही यंत्रणा तुमच्या रोजच्या इतर गोळ्याही मोडत असते. तेव्हा ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की ही कॅप्सूलही सांगा.