ऊस ग्रुपच्या सारांश बॉटला दोन स्टार : आमचं उत्तर

नमस्कार दादा,

निपाणी-चिक्कोडी भागातल्या ऊसकऱ्यांच्या टेलिग्राम ग्रुपसाठी तुम्ही दिवसभरच्या मेसेजचा सारांश लिहिणारा आमचा बॉट घेतला आणि दोन स्टार दिलेत. तक्रारी चार : दिवसाला तीन-चारशे मेसेज पडतात आणि बॉट पाच ओळी लिहितो, व्हॉइस मेसेज सोडून देतो, उसाचा दर टनाला ३३०० ठरला तरी सारांशात ३५००च दिसत होता, आणि डिलीट केलेला मेसेज रात्री सारांशात आला. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ एकच आहे, आणि ते तुमच्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्या ॲडमिन मंडळींनाही उपयोगी पडेल म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमच्या ग्रुपमध्ये बॉट साधा मेंबर आहे. टेलिग्रामचे बॉट मुळातच 'प्रायव्हसी मोड'मध्ये असतात. तेव्हा त्यांना स्लॅशने सुरू होणारी कमांड, बॉटचं नाव घेऊन लिहिलेला मेसेज आणि बॉटला दिलेला रिप्लाय एवढंच पोचतं. माणसं आपसात काय बोलतात ते पोचतच नाही. हा मोड आम्हाला सगळ्या ग्रुपांसाठी एकदम बंद करता येतो, पण मुद्दाम करत नाही. ग्रुपचं सगळं बोलणं बॉटला द्यायचं की नाही, हे त्या त्या ॲडमिनने ठरवावं. बॉटला ॲडमिन केलं की त्या ग्रुपपुरते सगळे मेसेज त्याला मिळू लागतात. ॲडमिन करताना मेसेज डिलीट करणं, माणसं काढणं असले हक्क मात्र देऊ नका. त्याला ते लागत नाहीत.

आता दराचं बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसकऱ्यांचं आंदोलन चाललं होतं, टनाला ३५०० ची मागणी होती आणि शेवटी कर्नाटक सरकारने ३३०० जाहीर केले. त्या दिवसांत लोक बॉटचंच नाव घेऊन विचारत होते, "साडेतीन हजार मिळणार काय?" हे प्रश्न बॉटला पोचले. "३३०० वर मिटलं" हे कुणी साध्या मेसेजमध्ये टाकलं, कुणी व्हॉइसमध्ये. ते पोचलं नाही. ज्याने नुसते प्रश्नच ऐकले त्याने उत्तर कुठून लिहायचं? सारांशात "३५०० (मागणी)" असं होतं, पण पुढे फॉरवर्ड करताना किंवा चारचौघांत वाचून दाखवताना कंसातलं गळून जातं. म्हणून आता तो शब्द आकड्याच्या आधी येतो : "मागणी ३५००", "जाहीर ३३००", "ऐकीव" वगैरे.

त्यात भर एफआरपीची, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची. २०२५-२६ साठी ती साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, म्हणजे टनाला ३५५०, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. एकाच दिवशी ग्रुपवर तीन आकडे फिरतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. "दर काय?" असं मोघम विचारलं की भाषेचं मॉडेल, म्हणजे बॉटमागचं सारांश लिहिणारं एआय, बहुधा जास्त वेळा आलेला आकडा उचलतं. म्हणून त्याला थेट सारांश लिहायला आम्ही लावतच नाही. आधी तक्ता काढतो : आकडा किती, कशाचा, कोण म्हणालं, मागणी की निर्णय, मेसेजचा नंबर कोणता. मेसेजचा नंबर नसलेली ओळ बाद. आकडा मूळ मेसेजमध्ये खरंच आहे का, हे साध्या प्रोग्रॅमने तपासतो. त्यासाठी मराठी, कन्नड, इंग्रजी अंक आधी एकसारखे करावे लागतात, आणि "साडेतीन हजार", "पावणेचार" यांचेही आकडे करावे लागतात. मग तक्त्यावरून सारांश.

मेसेज मॉडेलकडे दोनशे-दोनशेच्या गठ्ठ्यांनी जातात, आणि प्रत्येक गठ्ठ्यात आधीचे शेवटचे वीस परत घेतो. नाहीतर प्रश्न एका गठ्ठ्यात आणि उत्तर दुसऱ्यात. खर्च वाचवायला छोटे मेसेज गाळा, असं बरेच जण सुचवतात. तसं करू नये. "ठरलं", "हो, तेवढेच" हे एक-दोन शब्दांचे रिप्लायच निर्णय असतात. शुभ सकाळचे फोटो खुशाल गाळावेत. एकच फॉरवर्ड सहा जणांनी टाकला तर तो एकदाच धरतो.

"आज रात्री दहाला थ्री फेज येणार" यासारखा मेसेज सारांशात तारखेसकट यायला हवा, कारण वाचणारा तो दुसऱ्या दिवशीही वाचतो. टेलिग्रामकडून वेळ येते ती आंतरराष्ट्रीय. ती आपल्या वेळेत बदलली नाही तर बॉटचा दिवस पहाटे साडेपाचला पालटतो आणि रात्री एकचा मेसेज आदल्या तारखेत जातो.

व्हॉइसची तक्रार रास्त आहे. ते आम्ही आपणहून चालू करत नाही, कारण शेजारी ट्रॅक्टर चालू असला की "तेहतीसशे"चं "पस्तीसशे" व्हायला वेळ लागत नाही. तुम्हाला हवं असेल तर जादा पैसे न घेता चालू करतो. पण व्हॉइसमधला आकडा सारांशात जाणार नाही. "दराबद्दल व्हॉइस आहे, ऐका" अशी ओळ आणि लिंक येईल.

मेसेज डिलीट झाल्याचं टेलिग्राम बॉटला कळवतच नाही. एडिट केल्याचं कळतं, डिलीटचं नाही. म्हणून आधी त्या मेसेजला रिप्लाय देऊन "वगळ" ही कमांड टाका (स्लॅश लावून, इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी कमांड चालत नाही) आणि मगच डिलीट करा. उलट केलंत तर रिप्लाय द्यायला मेसेजच उरत नाही.

आता एवढं करा, याच क्रमाने. ग्रुप सेटिंगमध्ये "नव्या मेंबरला जुने मेसेज दिसतील" हे चालू करा. त्याने साध्या ग्रुपचा टेलिग्रामच्या दुसऱ्या प्रकारचा ग्रुप, म्हणजे सुपरग्रुप होतो. मूळ मेसेजच्या लिंक सुपरग्रुपमध्येच चालतात, त्यामुळे सध्या तुमच्या सारांशात त्या दिसतच नाहीत. मग बॉटला ॲडमिन करा. आधी ग्रुप बदला म्हणतो, कारण बदलताना ग्रुपचा आतला नंबर नवा होतो. शेवटी ग्रुपवर एक सूचना टाका की बॉट आता सगळे मेसेज वाचतो. हे लपवून केलं की पुढे भांडणं होतात.

या महिन्याचे पैसे धरत नाही. पहिल्या रात्रीचा सारांश त्रोटकच येईल, कारण ॲडमिन होण्याआधीचे मेसेज बॉटला मागे जाऊन वाचता येत नाहीत. दुसऱ्या रात्री आठचा सारांश बघा, आणि एखादी ओळ चुकीची वाटली तर तिची लिंक आमच्या नंबरवर पाठवा.