शिक्षा त्याला मान्यच होती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' (चेन गँग म्हणजे साखळीने बांधून सक्तमजुरीला लावलेल्या कैद्यांची टोळी) या 1932 च्या अमेरिकन चित्रपटावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि सडेतोड उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. नायकाला मी निरपराध म्हटलं, पण ज्याच्यावरून तो बेतला त्या माणसाने दरोड्यात भाग घेतलाच होता. चित्रपट एकतर्फी आहे, राज्याची बदनामी करतो; तुरुंगात हाल तर व्हायचेच. आणि काळ्या कैद्यांबद्दल माझ्या लेखात अवाक्षर नाही.

पहिला आक्षेप सरळ मान्य करतो. 'निरपराध' हा शब्द चुकला. चित्रपटात नायक जेम्स अ‍ॅलन भुकेला असतो, सोबतचा माणूस हॅम्बर्गर खायला नेतो आणि तिथेच पिस्तूल काढून त्याला गल्ल्यातले पैसे घ्यायला लावतो. खऱ्या रॉबर्ट इलियट बर्न्सचं प्रकरण इतकं स्वच्छ नव्हतं. तो 1922 मध्ये जॉर्जिया या अमेरिकी राज्यातल्या एका दुकानाच्या लुटीत सामील होता. लूट सहा डॉलरचीही नव्हती, शिक्षा सहा ते दहा वर्षं सक्तमजुरीची. पटकथेने त्याचा गुन्हा धुऊन काढला आणि मीही तसाच लिहून मोकळा झालो. आता लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तो पूर्ण दोषी होता असं धरलं, तरी माझं म्हणणं जागचं हलत नाही. माझा राग शिक्षेवर नाही, सरकारने दिलेला शब्द मोडला त्यावर आहे.

अ‍ॅलन पळून शिकागोला जातो, पूल बांधणारा नावाजलेला इंजिनिअर होतो. बिंग फुटल्यावर त्याला परत पाठवायला शिकागोचे लोक तयार नसतात. तेव्हा ज्या राज्यातून तो पळाला तिथले अधिकारी गोड बोलतात: स्वतःहून या, नव्वद दिवस कचेरीतलं हलकं काम करा, माफी देतो. तो जातो. कुणी ओढून नेत नाही, स्वतःच्या पायांनी जातो. राहिलेली शिक्षा भोगायची तयारी दाखवलेला माणूस आहे हा! तिथे पोचल्यावर हाती कारकुनाची लेखणी येत नाही, पायात पुन्हा साखळदंड येतात. नव्वद दिवस सरतात, माफी नाही. मग वर्षभर नीट वागा म्हणतात. तेही सरतं आणि निर्णय बेमुदत पुढे ढकलला जातो. आपल्याकडे याला केसाने गळा कापणं म्हणतात. यात पटकथेने फार भर घातलेली नाही. खरा बर्न्सही माफीच्या आश्वासनावर विसंबून 1929 मध्ये जॉर्जियाला परतला, फसला आणि 1930 मध्ये पुन्हा पळाला.

माफीच्या सुनावणीचा प्रसंग तुम्ही पुन्हा पाहावा अशी मनापासून विनंती आहे. अ‍ॅलनचा भाऊ गयावया करतो. मग सरकारी बाजूचा माणूस उठून सांगतो, की साखळीतल्या कष्टांनी माणसाचं चारित्र्य घडतं, आणि पुरावा म्हणून खुद्द अ‍ॅलनचंच उदाहरण देतो: आला तेव्हा भटक्या होता, बाहेर पडला तो प्रतिष्ठित नागरिक झाला. म्हणजे त्याने स्वतःच्या हिमतीवर जे मिळवलं, तेच त्याला आत डांबून ठेवण्याचं कारण! आणि हे तो शांत, सभ्य आवाजात बोलतो. मला चाबकापेक्षा या भाषणाने जास्त हादरवलं.

आता एकतर्फीपणाचं. हाल हे व्हायचेच, असं तुम्ही लिहिलंत. दगड फोडताना अ‍ॅलन कपाळावरचा घाम पुसतो आणि तोंडावर ठोसा बसतो, कारण घाम पुसायचीही आधी परवानगी घ्यायची असते. शेजारचा कैदी ती कशी मागायची ते दाखवतो: ओरडून सांगायचं, पहारेकरी हो म्हणाला की हात कपाळाकडे न्यायचा. गुन्ह्याची शिक्षा म्हणून मजुरी मी समजू शकतो. स्वतःचा घाम स्वतःचा राहू नये, ही शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने सुनावली होती? पट्ट्याने मारण्याच्या प्रसंगात तर दिग्दर्शक मर्विन लरॉय मार जवळपास दाखवतच नाहीत. आवाज येत राहतो आणि कॅमेरा ऐकणाऱ्या कैद्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. भडकपणा करायचाच असता तर याहून सोपी जागा नव्हती.

आणि 'राज्याची बदनामी' म्हणाल, तर बर्न्सच्या ज्या आत्मकथनावर चित्रपट बेतला, त्या पुस्तकाच्या नावात जॉर्जिया होतं, चित्रपटाने ते गाळलं. तरीही जॉर्जियातल्या तुरुंगाधिकाऱ्यांनी स्टुडिओवर दावे लावले. टोपी कुणाला बसली ते त्यांनीच सांगितलं. चित्रपट लागला तेव्हा बर्न्स अजून फरारीच होता. डिसेंबर 1932 मध्ये तो न्यू जर्सीत पकडला गेला, पण तिथल्या गव्हर्नरने त्याला जॉर्जियाच्या ताब्यात द्यायला नकार दिला. शेवटी 1945 मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर एलिस आर्नल स्वतः त्याची बाजू मांडायला उभे राहिले आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानली गेली. जे राज्य त्याच्या मागे लागलं होतं, त्याचाच प्रमुख वकील होऊन उभा राहिला. चित्रपट खोटा असता तर हे घडलं असतं का?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो पूर्ण खरा आहे. जॉर्जियात 1908 पर्यंत कैदी खासगी मालकांना भाड्याने दिले जात. ते बंद झाल्यावर त्यांना साखळीत बांधून सरकारी रस्त्यांच्या कामाला लावलं गेलं. या दोन्ही व्यवस्थांत भरडले गेलेले बहुसंख्य लोक काळेच होते. चित्रपट गोऱ्या माणसाची गोष्ट सांगतो आणि मीही तिच्याच मागे गेलो. खरं तर अ‍ॅलनची पहिली सुटका सेबॅस्टियन नावाच्या काळ्या कैद्यामुळे होते. त्याचा घणाचा नेम अचूक असतो. पाऊल निघेल इतक्या बेड्या वाकव, असं अ‍ॅलन त्याला विनवतो. सापडलो तर आपलं काय होईल हे सेबॅस्टियनला पक्कं ठाऊक असतं. तरी तो तयार होतो. घोट्याला चिकटलेल्या लोखंडावर घण पडतो. एक घाव चुकला तर पाय गेला. अ‍ॅलन दात आवळून उभा, आणि सेबॅस्टियनचा हात जराही चळत नाही.

अ‍ॅलन पळतो. घण मारणारा तिथेच राहतो. मी लिहिलेल्या एवढ्या लांबलचक लेखात त्याचं नावसुद्धा नव्हतं. त्याच्यावर आता वेगळं लिहायला घेतलं आहे. झालं की वाचून पुन्हा असंच स्पष्ट कळवा.